वनसीमा विस्तार (ठाणे–कल्याण परिसर)

सरकारी जंगलाची हद्द वाढवून नवी जमीन राखीव वनात, अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात घेण्याची कार्यवाही. ठाणे–कल्याण पट्ट्यात तिचा इतिहास रोपांपेक्षा सातबाऱ्याचाच अधिक आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार शासन आधी कलम ४ ची अधिसूचना काढते. मग वनजमाबंदी अधिकारी गावोगाव स्थानिक भाषेत जाहीरनामा लावतो, किमान तीन महिने हरकती मागवतो आणि शेती, चराई, वाट, पाणी यांवरचे दावे ऐकतो. कलम २० ची अधिसूचना निघाली की वन राखीव झाले. या दोन कलमांच्या मध्ये वर्षानुवर्षे जातात.

कायद्याने झालेला मोठा विस्तार ३० ऑगस्ट १९७५ चा. खाजगी वने संपादन अधिनियमाने त्या दिवशी राज्यातील खाजगी वने शासनजमा झाली. मात्र मुंबई उपनगर आणि ठाणे भागातील अनेक जमिनींच्या फेरफार नोंदी तीसेक वर्षांनी झाल्या. तोवर काहींवर इमारती उभ्या राहून घरे विकलीही गेली होती. या नोंदींना आधार होता वन कायद्याखाली १९५० च्या दशकात काढलेल्या नोटिसांचा. नुसती नोटीस काढणे पुरेसे नाही, ती मालकावर बजावून तड लावायला हवी होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात २०१४ मध्ये दिला. दिरंगाई खात्याची, धास्ती घरे घेणाऱ्यांची.

खाडीकाठची कथा वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरील कांदळवने वन खात्याकडे देणे सुरू झाले. २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला. ठाणे खाडीतील सुमारे १७ चौ.किमी. क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले. इथे हद्द आखणेच अवघड: गाळ साचेल तसे तिवर पाण्याकडे सरकतात आणि त्या नव्या चिखलाला सर्व्हे नंबर नसतो. डोंबिवली पश्चिमेला कोपर, मोठागावच्या काठावर भराव पडला की उलट दिशेने तेच घडते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे (सुमारे १०४ चौ.किमी.) निम्म्याहून अधिक क्षेत्र ठाण्याच्या बाजूला आहे. वसई खाडीपलीकडचा नागला विभाग त्यातलाच. २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झाल्याने उत्तरेकडील जंगलाला संरक्षण मिळाले. उद्यानाची रेघ जिथल्या तिथे राहून सलगता वाढली, आणि बिबट्याच्या दृष्टीने हाच खरा विस्तार. उद्यानाभोवतीचे २०१६ चे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र मात्र विस्तार नव्हे, जरी बातम्यांत तसे म्हटले जाते. त्यात जमिनीची मालकी बदलत नाही, बांधकामावर बंधने येतात. येऊरच्या पाड्यांतील आदिवासींचे दावे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली स्वतंत्रपणे चालतात.

उद्यान वा अभयारण्याची हद्द बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. मलंगगडाचा पायथा, डोंबिवलीजवळची उंबार्लीची टेकडी या सुट्या वनांना ते कवच नाही. तिथे वनेतर वापरासाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी घ्यावी लागते.