ॲक्युपंक्चर : जुनाट डोकेदुखीवरील उपचार

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून वेदना कमी करण्याची मूळची चिनी उपचारपद्धती. सुईतून कोणतेही औषध दिले जात नाही. जुनाट डोकेदुखीत तिचा मुख्य उपयोग दुखण्याचे दिवस कमी करण्यासाठी होतो.

स्वरूप : महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, असे 3 महिन्यांहून जास्त काळ डोके दुखत असेल तर ते दुखणे जुनाट मानतात. ताणजन्य प्रकारात डोके आवळल्यासारखे वाटते; अर्धशिशीत ठणका, मळमळ आणि उजेडाचा त्रास असतो. दुखणे मुरले की वेदना वाहून नेणारी मज्जासंस्थाच हळवी होते आणि वेणी घालतानाही टाळू दुखते. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते.

पद्धती : सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुया मानेच्या वरच्या कडेला, कानशिलावर, तसेच अंगठा व तर्जनी यांमधील ‘हेगू’ या बिंदूवर टोचून साधारण 20 ते 30 मिनिटे ठेवतात. त्या जागी जडपणा किंवा मुंग्या जाणवतात. टोचण्याने चेतातंतू उद्दीपित होऊन शरीरातील एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे आधुनिक स्पष्टीकरण आहे.

परिणामकारकता : कॉक्रेन संस्थेच्या 2016 च्या आढाव्यानुसार वारंवार होणाऱ्या ताणजन्य डोकेदुखीत ॲक्युपंक्चर घेतलेल्या 100 पैकी 48 जणांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले, नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण 17 होते. लटक्या सुयांशी तुलना केल्यावर मात्र फरक बराच कमी, 51 विरुद्ध 43 टक्के, राहिला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2012 मध्ये जुनाट ताणजन्य डोकेदुखीसाठी 5 ते 8 आठवड्यांत 10 पर्यंत बैठकांचा विचार करावा, असे सुचवले.

भारतातील प्रसार : 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर डॉ. विजयकुमार बसू होते. बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून 1959 मध्ये कोलकात्यात उपचार सुरू केले. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी 2015 चा स्वतंत्र अधिनियम केला व त्याखालील परिषदेकडे उपचारकांच्या नोंदणीची तरतूद केली. केंद्र सरकारने 2019 मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

डहाणू-तलासरीच्या संदर्भात : पालघर जिल्ह्यातील या आदिवासीबहुल तालुक्यांत डोक्यावरून मोळी व पाण्याचे हंडे वाहणे, भातलावणीत दिवसभर वाकणे हे नेहमीचे कष्ट आहेत, त्यांचा भार मानेवर येतो आणि मानेचे दुखणे डोक्यात चढू शकते. आठवड्यातून एक-दोन खेपा म्हणजे पाड्यावरून गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. शिवाय पावसाळ्यानंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जगायला बाहेर पडतात आणि सुरू झालेला उपचार अर्धवट सुटतो. बैठकांची मालिका पूर्ण झाली तरच उपयोग कळत असल्याने, इथे उपचाराचा हंगाम रुग्णाच्या कामाच्या हंगामाशी जुळवावा लागतो. तापल्या लोखंडाने डाग देण्याच्या जुन्या प्रथेशी या पद्धतीचा संबंध नाही. त्या डागाने जखम व जंतुसंसर्ग होतो.

दक्षता : टोचल्या जागी किंचित रक्त येणे किंवा काळे-निळे पडणे हे सामान्य आहे, छातीजवळ सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, पण असे क्वचितच घडते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा गर्भारपणात तसे आधी सांगावे. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, एका बाजूची कमजोरी, गर्भवतीला डोकेदुखीबरोबर अंधुक दिसणे, किंवा या भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला झालेली तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही असल्यास सुयांच्या उपचारात वेळ न घालवता डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय अथवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.