कालवडीचे वय: कंधारी व देवणी गोधनाच्या इतिहासातील एक प्रश्न

नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणी या मराठवाड्याच्या दोन प्रसिद्ध गोजाती होत. कंधारीस चौथ्या शतकातील कोणा सोमदेवराय राजाचा आश्रय होता, अशी आख्यायिका पशुविषयक पुस्तकांतून पुन्हा पुन्हा आढळते. तीवर फार भार टाकण्याचे कारण नाही. देवणी ही गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून घडली, असे मानले जाते. तिचे वानेरा, बालंक्या व शेवरा हे तीन प्रकार अंगावरील काळ्या-पांढऱ्या रंगाच्या मांडणीवरून ओळखतात.

या दोन्ही जातींच्या कालवडी उशिरा वितात, हा त्यांचा मूळ स्वभावच, असे मत रूढ आहे. पहिले वेत बहुधा तीन ते चार वर्षांच्या दरम्यान येते, हे खरे. परंतु हे वय जातीच्या रक्तात किती आणि तिच्या इतिहासात किती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नावर भाषेचा पुरावा उपयोगी पडतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल पाहणारा मनुष्य प्रथम त्याचे तोंड उघडतो. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला ही त्याची कालगणना. ती प्राचीन आहे. दातांवरून वय सांगणाऱ्या 'द्विदन्' यासारख्या शब्दांची सिद्धी पाणिनीने स्वतंत्र सूत्राने सांगितली आहे. गाईच्या बाबतीत मात्र शब्दसंग्रह निराळ्या अंगाने वाढला. कालवड, माजावर आलेली, फळलेली, उलटलेली, गाभण, पहिल्या वेताची, भाकड: हे सारे अवस्थावाचक शब्द होत. पाणिनीकडेही गर्भधारणेचा काळ प्राप्त झालेली ती 'उपसर्या' आणि एकदाच व्यालेली ती 'गृष्टि'. ('उपसर्या'चा अर्थ देणाऱ्या 'काल्या' या शब्दाशी आपली 'कालवड' जोडण्याचा मोह होतो; पण केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.) बाजारात किंमत ठरे ती बैलाच्या वयाची. कालवडीचे वय मोजण्याची निकड कोणास नव्हती, आणि जे मोजले जात नाही त्याची निवडही होत नाही.

काळ्या भारी जमिनीस ओढकाम करणारा बैल हवा होता. त्यामुळे वैरणीचा पहिला वाटा औताच्या बैलास, दुसरा दुभत्या गाईस, आणि उरलेला कडबा कालवडीस मिळे. १९७२ सारख्या दुष्काळात तोही मिळाला नाही. कालवड माजावर येणे हे वयापेक्षा वजनावर अधिक अवलंबून असते, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा उन्हाळ्यागणिक वाढ खुंटलेल्या जनावराचा उशीर सर्वस्वी वंशाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या कळपांत विसाव्या शतकात याच्या उलट वाट धरली गेली. तेथे कालवड चौदा-पंधरा महिन्यांची असता फळवून दोन वर्षांची होताच विण्याची पद्धत रूढ झाली; आपल्या परिभाषेत, ती दोनदाती होते न होते तोच विते. आयुष्यात एक वासरू अधिक मिळते, हा त्यातील हिशेब. आपल्याकडे हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या अधिनियमाने गाईंच्या आणि २०१५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वळू-बैलांच्याही कत्तलीस बंदी आहे. येथे अधिक वासरू म्हणजे अधिक बैल किंवा अधिक दूध. शिवाय प्रौढ वजनाच्या साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत न पोचलेली कालवड फळवली, तर पहिले वेत अडते आणि दुसरे लांबते. म्हणजे अमेरिकन पद्धतीतही वयामागे वजनाचीच अट आहे, आणि ती अट 'उपसर्या' या शब्दाच्या अर्थापासून फार दूर नाही.

ट्रॅक्टरामुळे बैलाचे जुने स्थान ढळले आहे. कानातील बारा अंकी बिल्ल्याबरोबर कृत्रिम रेतनाच्या व वेताच्या तारखा नोंदविण्याची सोय झाली आहे. सारखी वैरण मिळालेल्या कंधारी व देवणी कालवडींची अशा नोंदींवरून तुलना केली, तर उशिरातील जातीचा वाटा वेगळा काढता येईल.