न खपलेल्या तबकड्यांचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात नक्की आलं असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा ब्रिटिश पॉप आणि रॉक गायकांच्या जुन्या तबकड्यांशी काय संबंध? संबंध आहे. इतिहास म्हणजे जे टिकलं त्याची हकिकत, असं आपण धरून चालतो. पण काय टिकवायचं हे कोण ठरवतं, आणि जे कुणालाच नको होतं ते टिकलं तर त्याचं काय करायचं, हे प्रश्न या तबकड्यांच्या संग्रहात जितके स्वच्छ दिसतात तितके क्वचितच कुठे दिसतात.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. पन्नाशीच्या दशकापर्यंत गाणं यायचं ते ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर. ही तबकडी दगडाची भुकटी आणि लाख यांच्या मिश्रणाची. लाख म्हणजे तीच, महाभारतातल्या लाक्षागृहाची. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता, म्हणजे लंडनमधल्या माणसाने ऐकलेल्या गाण्यात छोटा नागपूरच्या जंगलातल्या किड्याचा वाटा असायचा. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, जुन्या तबकड्या परत घेऊन त्यांचाच माल पुन्हा वापरण्याची वेळ आली. मग पुढे आलं व्हिनाइल. हलकं, सहसा न फुटणारं, बारीक चर पडू देणारं. अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी काढली. ब्रिटनमध्ये ईएमआय कंपनीने ती १९५२ मध्ये आणली. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक. हिलाच म्हणायचं सिंगल.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाने खपावर आधारलेली ब्रिटनमधली पहिली सिंगल्सची यादी छापली. काही दुकानांना फोन करायचा, काय खपतंय विचारायचं आणि क्रमांक लावायचे, इतकी साधी पद्धत. पण त्यामुळे झालं काय, की गाण्याचा निकाल दोन-तीन आठवड्यांत लागायला लागला. यादीत आलं तर आलं. नाही आलं तर कंपनी काही काळाने ती तबकडी सूचीतून काढून टाकायची. आज ज्या सिंगल्ससाठी लोक हजारो पौंड मोजतात, त्यातल्या बहुतेक या निकालात नापास झालेल्या आहेत.

हे नीट लक्षात घ्या. जुनी म्हणजे दुर्मिळ, असं अजिबात नाही. क्लिफ रिचर्ड, जन्म लखनौचा, मूळ नाव हॅरी वेब. त्याची पहिली सिंगल ऑगस्ट १९५८ मध्ये आली. ‘मूव्ह इट’ हे गाणं आधी मागच्या बाजूला टाकलं होतं. ते उचललं गेलं, यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि तबकडी घरोघरी पोचली. ब्रिटिश रॉकचा आरंभ बरेच जण या गाण्यापासून मोजतात. पण भरपूर खपल्यामुळे भरपूर शिल्लक आहे, त्यामुळे ती मिळवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

आता याच्या उलट उदाहरण बघू. ५ जून १९६४. व्होकॅलियन या लेबलवर ‘लायझा जेन’ नावाची सिंगल आली. गायक डेव्ही जोन्स, साथीला किंग बीज. गायकाचं वय सतरा. टीव्हीवर दिसला, तरी तबकडी पडली. पुढच्या वर्षी पार्लोफोनवर मॅनिश बॉइज या बँडची सिंगल निघाली, तिच्या लेबलवर तर याचं नावही नाही. पुढे मंकीज या अमेरिकन बँडमधला दुसरा डेव्ही जोन्स नावारूपाला यायला लागला, म्हणून यानं आडनाव बदलून बोवी केलं. जानेवारी १९६६ मध्ये पाय कंपनीने ‘डेव्हिड बोवी’ हे नाव पहिल्यांदा छापलं. ती सिंगलही यादीत काही करू शकली नाही. मग आणखी एक कंपनी, डेरम. १९६४ ते १९६७ या चार वर्षांत नऊ सिंगल्स, आणि नऊच्या नऊ अपयशी. दहावी आली जुलै १९६९ मध्ये, ‘स्पेस ऑडिटी’. त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. गंमत म्हणजे त्या नऊंपैकी ‘द लाफिंग नोम’ ही १९७३ मध्ये पुन्हा काढली तर सहाव्या क्रमांकावर गेली. गाणं तेच, बदललं होतं ते गायकाचं भविष्य.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. जुलै १९६४ मध्ये फोंटाना लेबलवर ‘हाय नंबर्स’ या बँडची एक सिंगल आली, साधारण हजारभर प्रती काढल्या होत्या. सहा महिन्यांनी हीच चार मुलं ‘द हू’ या नावाने दुसऱ्या लेबलवर आली आणि यशस्वी झाली. आणि एक उदाहरण आपल्या जवळचं. १९७३ च्या उन्हाळ्यात ईएमआयने लॅरी ल्युरेक्स नावाच्या गायकाची सिंगल काढली. हा लॅरी कोण? पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथल्या हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारूख बलसारा. म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी. क्वीन बँडची पहिली सिंगल यायच्या अगदी तोंडावर त्याचा आवाज भलत्याच नावाने बाजारात आला, आणि कुणाच्या लक्षातही आला नाही.

आता संग्राहक काय करतो ते पाहा. तुम्हीआम्ही तबकडी ऐकतो, तो ती आधी वाचतो. बीटल्सची ‘लव्ह मी डू’ घ्या. पार्लोफोन आर ४९४९, ५ ऑक्टोबर १९६२. पहिल्या प्रतींचं लेबल लाल आहे. पुढच्या वर्षी पार्लोफोनने काळं लेबल आणलं, म्हणजे काळी प्रत नंतरची. त्याही आधी प्रसिद्धीसाठी पांढऱ्या लेबलच्या २५० प्रती वाटल्या होत्या, त्यांवर मॅकार्टनीच्या आडनावातलं एक अक्षर गळलं आहे. ती चूक आज खरेपणाची खूण मानली जाते.

मग लेबलच्या कडेला, चर संपतात तिथल्या गुळगुळीत पट्टीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. ईएमआयच्या हेझच्या कारखान्यात मूळ ध्वनिमुद्रणावरून धातूचा साचा बनायचा, त्यावरून दुसरा, आणि त्यावरून शेवटचा ठसा, ज्याने तबकडी छापली जायची. कितव्या ठशातून प्रत निघाली हे कळावं म्हणून कारखान्याने ‘ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ या नावातली दहा इंग्रजी अक्षरं घेतली आणि प्रत्येकाला एक अंक दिला. जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, ए म्हणजे तीन, असं करत डी म्हणजे शून्य. कामगारांच्या सोयीची ही खूण. संग्राहकांनी ती शिलालेख वाचावा तशी वाचली आणि कोणती प्रत आधीची, कोणती नंतरची याचा क्रम लावला. हे काम हस्तलिखितांच्या पाठभेदांचं काम करणाऱ्या अभ्यासकाच्या जातीचं आहे. फरक इतकाच, की याला कुठल्या विद्यापीठाचं पाठबळ नव्हतं. आठवडी बाजारात, धर्मादाय दुकानांत आणि जुन्या मालाच्या ढिगांत गुडघे टेकून बसणाऱ्या हौशी माणसांनी ते केलं.

या हौसेतून काय साधलं, हे याच सिंगलच्या पुढच्या हकिकतीवरून कळेल. हे गाणं सप्टेंबर १९६२ मध्ये दोनदा ध्वनिमुद्रित झालं. ४ तारखेला ड्रमवर रिंगो स्टार होता. निर्मात्यांचं समाधान झालं नाही, म्हणून ११ तारखेला अँडी व्हाइट या व्यावसायिक वादकाला बोलावलं आणि रिंगोच्या हाती खंजिरी दिली. पहिल्या लाल लेबलच्या सिंगलवर गेलं ते ४ तारखेचं, रिंगोचं ध्वनिमुद्रण. पुढच्या वर्षी एलपीवर घातलं ते ११ तारखेचं, आणि नंतरच्या सिंगल्सवरही तेच आलं. ओळखायची खूण सोपी आहे, खंजिरी ऐकू आली तर अँडी व्हाइट.

काम झालेल्या फिती तेव्हा जपून ठेवत नसत. रिंगोच्या वादनाची मूळ फीत राहिली नाही. आता हा जगातला सगळ्यात प्रसिद्ध बँड, त्याची पहिली सिंगल, आणि मूळच नाही. पुढे १९८० च्या दशकात ते रूप पुन्हा काढायची वेळ आली तेव्हा काय केलं असेल? चांगल्या अवस्थेतली जुनी सिंगल शोधली, तिच्यावर सुई ठेवली आणि आवाज उतरवून घेतला. आज तुम्ही मोबाइलवर ते गाणं ऐकता ते कुणीतरी सहा-सात शिलिंगांना घेतलेल्या आणि फेकून न दिलेल्या तबकडीवरून आलेलं आहे. मालकाकडे मूळ नव्हतं, गिऱ्हाइकाकडे नक्कल होती, आणि ती नक्कलच मूळ झाली.

वॉल्टर बेंजामिनने १९३६ च्या सुमारास मांडलं होतं की यंत्राने प्रती निघायला लागल्या की कलाकृतीभोवतीचं एकमेवपणाचं वलय विरून जातं. विचार मोठा आहे. पण इथे काय दिसतं? यंत्राने काढलेली वस्तू, हजार प्रतींतली एक, आणि काळाच्या ओघात बाकीच्या हरवल्यावर ते वलय तिच्याभोवती परत आलं आहे.

मग प्रश्न येतो खोट्या प्रतींचा. ‘लायझा जेन’च्या बनावट प्रती बाजारात आहेत. समजा तेच लेबल, तोच आवाज, कानाला फरक कळत नाही. तरी संग्राहक ती खोटी म्हणून बाजूला ठेवतो. हा वेडेपणा आहे का? आपल्याकडच्या नैयायिकांची भाषा इथे उपयोगी पडते. शब्दाचा अर्थ सांगताना ते तीन गोष्टी वेगळ्या करतात: व्यक्ती, आकृती आणि जाती. गाणं ही जाती, ते कितीही तबकड्यांत असू शकतं. लेबल, अक्षरं, चर ही आकृती, तिची नक्कल करता येते. पण ही समोरची तबकडी, जी जून १९६४ मध्ये त्या कारखान्यातून निघाली आणि साठ वर्षं कुठल्या तरी कपाटात राहिली, ती व्यक्ती आहे. तिची नक्कल होत नाही, कारण घडून गेलेल्या गोष्टीची नक्कल होत नाही. ज्याला फक्त गाणं हवं त्याने खुशाल कुठूनही ऐकावं. संग्राहकाला हवी असते साक्षीदार वस्तू. न्यायालयातसुद्धा आपण साक्षीदाराऐवजी त्याच्यासारखा दिसणारा माणूस चालवून घेत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. किंमत चढली की साक्षीदाराचा कैदी होतो. लिव्हरपूलमध्ये १९५८ मध्ये पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती स्टुडिओत क्वारीमेन या मुलांनी पैसे भरून एक तबकडी कोरून घेतली. त्यांत लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन होते. प्रत एकच. ती मुलांमध्ये हातोहात फिरली आणि शेवटी पियानो वाजवणाऱ्या जॉन लो याच्याकडे वीसेक वर्षं राहिली. १९८१ मध्ये मॅकार्टनीने ती विकत घेतली. अशी तबकडी धातूवर मऊ थर देऊन केलेली असते, सुई फिरेल तितकी ती झिजते. म्हणजे ऐकावी तर नष्ट होते आणि जपावी तर मुकी राहते. नशिबाने तिच्यावरचा आवाज १९९५ मध्ये सगळ्यांसाठी प्रसिद्ध झाला. पण सगळ्याच तबकड्यांच्या वाट्याला हे येत नाही. बँकेच्या लॉकरमध्ये गुंतवणूक म्हणून पडलेली सिंगल आणि भंगारात गेलेली सिंगल, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच.

दुर्मिळतेचेही दोन प्रकार करावे लागतात. १९७७ च्या मार्चमध्ये ए अँड एम कंपनीने सेक्स पिस्टल्सची ‘गॉड सेव्ह द क्वीन’ छापली, आणि आठवड्याभरात बँडशी करार मोडून सुमारे २५,००० प्रतींपैकी बहुतेक नष्ट केल्या. वाचलेल्या मूठभर प्रतींना प्रचंड किंमत येते. ती दुर्मिळता भीतीतून आली. बोवीच्या तबकडीची दुर्मिळता आली बेफिकिरीतून. मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते. जे घाबरून नष्ट केलं जातं त्याची निदान नोंद होते, वर्तमानपत्रात येतं. जे कुणी विचारत नाही म्हणून जातं, ते गेल्याचंही कळत नाही.

म्हणून मी म्हणतो की या संग्रहाचं मोल त्यातल्या अपयशात आहे. बोवीचं चरित्र आज आपण शेवटाकडून वाचतो, आणि मग सगळं अटळ वाटायला लागतं. प्रतिभा होती, यश मिळालं. पण त्या नऊ सिंगल्स ओळीने समोर ठेवा. नावं बदलतात, लेबलं बदलतात, आवाज कधी या गायकासारखा, कधी त्या. १९६७ मध्ये या मुलाने गाणं सोडलं असतं तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. त्याच वेळी, त्याच लेबलांवर, अशा शेकडो मुलांच्या तबकड्या निघाल्या आणि पडल्या, ज्यांची दहावी सिंगल कधी आलीच नाही. त्यांना आजही किंमत नाही. पण तबकड्या आहेत, कुणीतरी ठेवल्या आहेत, आणि त्यांच्याशिवाय बोवीचं यश म्हणजे काय हे मोजताच येणार नाही.

शेवटी आपल्या घराकडे येतो. ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांची तबकडी १९६० च्या सुमारास बंद झाली. भारतात झाली नाही, कारण वीज नसलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन वाजत होते. त्यामुळे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सची गाणी चक्क लाखेच्या ७८ तबकड्यांवर निघाली. बीटल्स जन्मले त्या देशात हे रूप निघालं नाही. आज परदेशातले संग्राहक या भारतीय तबकड्यांच्या मागे असतात. त्या किती फुटल्या, किती भंगारवाल्याकडे किलोने गेल्या, याचा हिशेब कुणाकडे नाही. घरातल्या जुन्या तबकड्यांचा गठ्ठा तुम्ही दारावर आलेल्या माणसाला द्याल तेव्हा एवढंच करा: एकेक काढून लेबल वाचा, क्रमांक लिहून घ्या, आणि ज्या गायकाचं नाव तुम्ही कधीच ऐकलं नसेल ती तबकडी तेवढी बाजूला ठेवा.

इथे थांबतो.