नमुन्याची लढाऊ विमाने

‘नमुना’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत रुळता रुळता त्याला दोन तोंडे फुटली. सरकारी चाकरीत जन्म घालविलेल्या माणसास नमुना म्हटले की प्रथम प्रपत्र आठवते. सातबाराचा उतारा म्हणजे तरी गाव-नमुना सात आणि गाव-नमुना बारा यांचीच जोडी. येथे नमुना आधी आणि त्याबरहुकूम भरलेला कागद मागाहून. उलट, अडत्याच्या दुकानी पोत्यात हात घालून मूठभर गहू काढला म्हणजे तोही नमुनाच. तेथे रास आधी आणि नमुना नंतर. ‘काय नमुना आहे!’ असे आपण एखाद्या इसमाविषयी म्हणतो, तो भाग निराळा. असो. आज ज्या छंदाचा इतिहास सांगावयाचा आहे, त्यात या शब्दाची ही दोन्ही तोंडे आळीपाळीने बोलताना दिसतात.

लढाऊ विमानांचे लहान, हलके नमुने संचातून जुळवून ते रेडिओच्या साहाय्याने आकाशात खेळविणे, असा हा छंद. किट म्हणून जी पेटी मिळते ती उघडली की बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, त्यांतून कापून घ्यावयाच्या पंखांच्या फासळ्या, तलम कागद, एक मोठा आराखडा आणि रंगीत चिन्हांचे पत्रक एवढा ऐवज बाहेर येतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा प्रौढांचा पोरखेळ वाटतो. मलाही तो तसाच वाटत असे. परंतु त्याचा इतिहास चाळू लागल्यावर दिसून आले की, येथे कोणी कोणाची नक्कल केली हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

वस्तुतः विमानविद्येत नमुनाच वडील आहे. माणूस विमानातून उडण्यापूर्वी तीन दशके, १८ ऑगस्ट १८७१ रोजी, पॅरिसच्या त्विलरी उद्यानात आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे एक चिमुकले विमान अकरा सेकंद हवेत ठेवले. ते स्वतःचा तोल स्वतःच सांभाळीत होते, हे त्यातील विशेष. याच पेनोच्या कल्पनेवरून निघालेले एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. मुलांनी त्याच्या मोठमोठ्या प्रतिकृती करून पाहिल्या, पण आकार जसजसा वाढे तसतशी उडण्याची शक्ती घटे. लांबीरुंदी दुप्पट केली तर शक्ती आठपट लागते, हे त्या वेळी आपणांस ठाऊक नव्हते, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. हा आठपटीचा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

पहिल्या महायुद्धाने लढाऊ विमानास वीरकथेचे वलय दिले आणि मग नमुना धाकटा झाला. १९२६ साली मॅसॅच्युसेट्समधील वेकफील्ड या गावी पॉल गिलो या गृहस्थांनी, जे स्वतः युद्धकाळात नौदलाचे वैमानिक होते, खेळण्यांचा व्यवसाय मांडला आणि पुढे त्यातच बाल्साचे संच काढले. इंग्लंडात १९३२ पासून ‘फ्रॉग’ या नावाने उडती विमाने विकली जाऊ लागली. जमिनीवरून थेट उडते, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा तो बेडूक. त्याच कारखान्याने १९३६ साली न उडणारे, केवळ मांडून ठेवण्याचे नमुने काढले, तेव्हा त्यांस ‘पेंग्विन’ हे नाव दिले. व्यापाऱ्यांनाही कधी कधी विनोद साधतो.

इथवरचा प्रवाह सरळ आहे: युद्ध आधी, खेळणे मागाहून. तो उलटा वळला तो एका नटामुळे. पण त्या नटाकडे जाण्यापूर्वी तोफखान्याची एक अडचण समजून घेतली पाहिजे. विमानांवर गोळे डागावयास शिकणाऱ्या गोलंदाजांनी नेम धरावा कशावर? खऱ्या विमानात माणूस असतो. ब्रिटिशांनी १९३५ साली ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी, नावाचे विमान सिद्ध केले. आपल्याकडील फ्लाइंग क्लबांतून पुढे कित्येक वर्षे दिसत असे त्या टायगर मॉथचेच ते बिनवैमानिकाचे भावंड. दूरध्वनीवर असे तशा तबकडीने जमिनीवरून त्यास आज्ञा दिल्या जात. अशी चारशेच्या आसपास विमाने बांधली गेली. मधमाश्यांतील नरास इंग्रजीत ड्रोन म्हणतात, आणि आज सर्वांच्या तोंडी असलेला हा शब्द या राणी माशीवरूनच प्रचारात आला, असे सांगितले जाते. परंतु क्वीन बी झाली तरी पुऱ्या आकाराचे विमान. लक्ष्य म्हणून फोडण्यास ती महागच.

रेजिनाल्ड डेनी हे मूळचे इंग्रज नट. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई पथकात होते, नंतर हॉलिवूडमध्ये स्थायिक झाले. हिचकॉकच्या १९४० सालच्या ‘रेबेका’ चित्रपटात त्या जुन्या वाड्याच्या जमीनजुमल्याचा सालस कारभारी ज्यांना आठवत असेल, त्यांनी डेनींना पाहिले आहे. या नटास विमानांच्या नमुन्यांचा नाद लागला, आणि तो इतका की त्यांनी हॉलिवूड बुलेव्हार्डवर त्याचे दुकानच थाटले. तेथे मुलांसाठी ‘डेनीप्लेन’ हे मोठे नमुना-विमान आणि त्यासाठी ‘डेनीमाइट’ हे लहानगे इंजिन विकले जाई. गोलंदाजांची अडचण डेनींच्या कानी आली तेव्हा त्यांना जे सुचले ते एखाद्या सेनापतीस सुचले नसते: लक्ष्य म्हणून खरे विमान कशाला, मोठेसे खेळणे पुरे! अमेरिकन सैन्यापुढे त्यांनी प्रयोग मांडले, पुष्कळ नकार पचविले, आणि १९४० साली अखेर मागणी मिळविली. पंखांचा पसारा सव्वाबारा फूट, वजन शंभर पौंडांहून किंचित अधिक, दोन सिलिंडरांचे इंजिन आणि उतरण्यासाठी हवाई छत्री, असे ते यंत्र होते. डेनींच्या ‘रेडिओप्लेन’ कंपनीने युद्ध संपेपर्यंत अशी सुमारे पंधरा हजार यंत्रे बनविली. अमेरिकेत तोवर बिनवैमानिकाचे विमान एवढ्या संख्येने तयार झाले नव्हते. दुकानातील नमुन्यावरून शस्त्रागारातील अस्सल वस्तू उतरविली गेली होती.

याच कारखान्यात युद्धाच्या अखेरच्या काळात नोर्मा जीन नावाची एक तरुणी कामास होती. सैन्याच्या एका छायाचित्रकाराने विमानाचा पंखा हाती घेतलेल्या या मुलीची छायाचित्रे काढली आणि त्यांतून पुढे मेरिलिन मन्रो जगास लाभली. नटाच्या कारखान्यातून नटी निघावी! असले योग जमवून आणण्याची इतिहासाला खोडच आहे.

त्याच युद्धात साधे, न उडणारे नमुनेही कामास लावले गेले. आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे गोलंदाजास क्षणार्धात ओळखता यावे म्हणून १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळाशाळांतील मुलांकडून पाच लाख नमुने मागविले. प्रमाण एकास बहात्तर, रंग निव्वळ काळा, कारण दूरच्या विमानाची केवळ आकृतीच दिसते. असा नमुना पस्तीस फुटांवर धरला की अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढा दिसतो. पोरांना या कामगिरीबद्दल मानद हुद्दे देण्यात आले. हुद्द्यासाठी माणसे काय काय करतात हे आपल्या वर्गास सांगावयास नको. तेव्हा मुलांनी सुताराच्या पटाशीने बोटे कापून घेतली यात नवल ते काय?

बाल्साचे लाकूड मात्र या मुलांच्या हाती क्वचितच लागले. दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोरच्या अरण्यातून येणारे हे लाकूड बुचासारखे हलके आणि तरीही ताठ असते. युद्धात ते तराफ्यांसाठी राखून ठेवले गेले. आणि नोव्हेंबर १९४० मध्ये प्रथम उडालेल्या इंग्रजांच्या मॉस्किटो विमानाची कायाच मुळी बर्चच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून केलेली होती. एरवी खेळण्यांत वापरले जाणारे लाकूड त्या युद्धातील एका अत्यंत वेगवान विमानात जाऊन बसले आणि खेळण्यांच्या पेट्यांतून पुठ्ठा निघू लागला.

नमुन्यावर रेडिओने हुकमत चालविण्याचे श्रेय हौशी लोकांकडे जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धांत या प्रकाराची पहिली चढाओढ १९३७ साली डेट्रॉइट येथे झाली. त्याच वर्षी मिशिगनमधील कालामाझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे आठ फुटी विमान उडविले. एक भाऊ विमानांचा नादी, दुसरा रेडिओचा. पुढल्या वर्षी स्पर्धा त्यांनी जिंकली. ते विमान आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. युद्धानंतरची काही वर्षे बहुतेक हौशी लोकांपाशी एकच कळ असे: एकदा दाबली की सुकाणू उजवीकडे, दोनदा दाबली की डावीकडे, सोडली की सरळ, आणि सुकाणू हलविण्याची शक्ती पुरवी पुन्हा पेनोचेच पिळलेले रबर. एकाच वेळी दोन विमाने उडविली तर एकाचा हुकूम दुसरे पाळी. हे अनुशासन कोणत्याही कचेरीस लाजविणारे होते. १९६० नंतरच्या दशकात, बोट जितके हलवावे तितकेच सुकाणू हलेल, अशी यंत्रे आली, आणि या शतकाच्या आरंभी लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या व बिनब्रशच्या विजेच्या मोटारी आल्यावर तर तेलकट इंजिनाची गरजच उरली नाही.

आता तो आठपटीचा हिशेब. हरिकेन विमानाच्या पंखांचा पसारा ४० फूट आणि लढाईस सज्ज असतानाचे वजन साडेतीन हजार किलोच्या आसपास. त्याचा एक-द्वादशांश नमुना करावयाचा म्हणजे पसारा बरोबर ४० इंच. पण वजन लांबीच्या घनाप्रमाणे घटते, म्हणजे १,७२८ पटींनी. तेव्हा तंतोतंत प्रतिकृती सुमारे दोन किलोची झाली पाहिजे. अशी प्रामाणिक प्रतिकृती उडते खरी, परंतु ती भिरभिरत धावते आणि पडली की तिचा भुगा होतो. जाणता कारागीर तीच वस्तू अर्ध्या किलोत बसवितो. वजन चौथाई झाले की हवेत टिकण्यास लागणारा किमान वेग निम्मा होतो, आणि आपटण्याचा आघात सोळावा हिस्सा. मगच ते इवलेसे यंत्र डौलाने, दूरवरच्या खऱ्या विमानाप्रमाणे संथ वळते. म्हणजे डोळ्यांस अस्सल दिसावयाचे असेल तर तराजूवर खोटे ठरावे लागते. हा सारा कसब फासळीला पाडलेल्या भोकांत आणि डिंकाच्या थेंबात आहे. शेपटीकडे एक ग्रॅम वाढला तर तोल राखण्यासाठी नाकाशी दोन-तीन ग्रॅम शिसे घालावे लागते, म्हणून शेपटीची फळी निवडताना माणूस सोनारासारखा बसलेला असतो. गंमत अशी की, खऱ्या हरिकेनच्या धडाचा मागचा भागही लाकडी पट्ट्यांवर कापड ताणूनच केलेला असे.

आपल्या देशात हा छंद रुजला तो बहुधा गणवेशाच्या आश्रयाने. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेची पहिली पथके १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथे उभारली गेली, आणि विमानांचे नमुने बांधणे हा तेथील शिक्षणाचा एक भाग झाला. खाजगी माणसास मात्र दोन दारे ठोठवावी लागत: बाल्सा आणि इंजिन यांकरिता आयातीच्या परवान्याचे, आणि रेडिओकरिता १९३३ च्या बिनतारी यंत्रांविषयीच्या कायद्याचे. दारांच्या आतल्या बाजूस आपल्यापैकीच कोणी तरी बसलेले असे. डेनींच्या लक्ष्य-विमानाचा भारतीय वंशजही आहे: बंगळूरच्या वैमानिकी विकास संस्थेने घडविलेले ‘लक्ष्य’ २००० साली हवाई दलात दाखल झाले.

पण खरी उलथापालथ अलीकडची आहे. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात, छंदाच्या बाजारात मिळणाऱ्या मोटारी, बॅटऱ्या आणि नियंत्रक जोडून केलेली लहान यंत्रे रणगाड्यांवर आणि खंदकांतील माणसांवर सोडली गेली. रविवारच्या सकाळी मैदानावर माझ्या शेजारी उभा असलेला तरुण ज्या भागांनी आपले विमान जोडतो, तेच हे भाग. हे वृत्त प्रथम वाचले त्या रात्री टेबलावरच्या अर्धवट पंखाकडे पाहून मन विटले, हे कबूल केले पाहिजे. लढाऊ विमानांचे नमुने करण्यात युद्धाचे कौतुक दडलेले आहे काय, हा आक्षेप जुनाच आहे. आणि तो मी कधी पुरता खोडू शकलो नाही. परंतु नमुनाच शस्त्र होईल ही कल्पना त्या आक्षेपकांनाही नसावी.

राज्यकर्त्यांनी या सर्वांचे नियमन करणे क्रमप्राप्त होते. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांचा सर्वांत लहान वर्ग केला, आणि करमणुकीसाठी वा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या यंत्रांना ‘मॉडेल’ म्हणून काही सवलती दिल्या. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीस बंदी झाली. तयार, अर्धवट सुटे आणि पूर्ण सुटे असे तिन्ही प्रकार बंद, पण घटक भाग मोकळे. आता वाचकांनीच सांगावे, पूर्ण सुट्या स्वरूपातील वस्तू आणि तिचे सर्व घटक भाग यांत भेद कोठे करावयाचा? पेटीत काय आहे यावर, की घेणाऱ्याच्या मनात काय आहे यावर? मागे एकदा मैदानावर एका तरुण शिपायाने अदबीने विचारले, ‘‘साहेब, हे खेळणे आहे की ड्रोन?’’ अनेक वर्षे कागदांचे वर्गीकरण करण्यात घालवूनही मला एका शब्दात उत्तर देता आले नाही. विमान त्याच्या हाती दिले. त्याने ते तळहातावर तोलून पाहिले आणि वजन एवढेच कसे, असे विचारले.

सध्या टेबलावर हरिकेन आहे. १९४४ साली इंफाळच्या वेढ्याच्या वेळी अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने ही विमाने उडविली होती. पेटीतील पत्रकावर इंग्लंडच्या आकाशातील तांबडे-निळे वर्तुळ छापलेले आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तसे वर्तुळ नसे. जपान्यांचे चिन्ह तांबडा सूर्य, म्हणून चुकून आपल्याच विमानावर गोळी चालू नये यासाठी आपल्या वर्तुळातील तांबडा रंग तेथे पुसून टाकण्यात आला होता. गडद निळ्यात फिकट निळा, एवढेच राहिले होते. तेव्हा चिन्हे घरीच कापावी लागणार. फिकट निळा दोनदा कालवून पाहिला, दोन्ही वेळा जास्त गडद झाला.