अंगण खरे, कारणे गाळलेली

मराठी दूरचित्रवाणी मालिकांविषयी सुशिक्षित प्रेक्षकाच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली अशी, की त्यांतले काहीही खरे वाटत नाही. आणि दुसरी, की त्यांना सामाजिक प्रश्नांशी काही देणेघेणे नाही. गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला तर दोन्ही तक्रारी अर्ध्याच टिकतात. मालिकांनी हुंडा, घटस्फोट, विधवेचे स्थान, स्त्रीचे अर्थार्जन असे प्रश्न वारंवार हाती घेतले आहेत. घर, बोली, पेहराव, परिसर यांचा अस्सलपणाही त्यांनी पुष्कळदा कष्टाने साधला आहे. अडचण आहे ती या दोहोंच्या फारकतीची. प्रश्न एका बाजूला राहतो, वास्तव दुसऱ्या बाजूला; आणि त्यांना जोडणारी जी कारणे, म्हणजे पैसा, जमीन, जात, कायदा, ती मधल्यामध्ये गळून पडतात. ही फारकत नीट दिसते ती रत्नागिरीच्या बाजूने पाहिले असता. मराठीतल्या प्रश्नप्रधान नाटकाचा एक मोठा कर्ता याच जिल्ह्यातला, आणि अलीकडच्या काळात ‘अस्सल’ म्हणून गाजलेली मालिकाही जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्याच भूमीवरची.

प्रथम नाटकाकडे पाहू, कारण मालिकेने आपला बराचसा वारसा तेथूनच उचलला आहे. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. परंतु महाराष्ट्रात पुष्कळांच्या मनात त्या नावाची सांगड देवलांच्या नायिकेशी बसली, यातच त्या नाटकाचा प्रभाव दिसून येतो. हा प्रभाव केवळ करुणेचा नव्हता. ‘शारदे’त पैशाचा लोभी बाप आहे, लग्न जुळवणारा दलाल आहे, ऐपतदार म्हातारा आहे. मुलीचे दुःख कोणत्या व्यवहारातून जन्मते ते प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. चिपळूणला १८८३ मध्ये जन्मलेल्या, काही काळ टपाल खात्यात नोकरी केलेल्या मामा वरेरकरांनी ‘हाच मुलाचा बाप’मध्ये हुंड्याच्या बाबतीत तेच केले. पुढे ‘सोन्याचा कळस’मध्ये (१९३२) ते थेट गिरणी कामगारांच्या जगात शिरले. ज्या जिल्ह्यातली कित्येक घरे मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत, तेथल्या लेखकाला घर आणि गिरणी हे दोन वेगळे विषय वाटले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी दारेखिडक्या असलेली खोली आली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, बोलणे नेहमीच्या बोलण्याच्या जवळ आले. मराठी रंगभूमीवरील वास्तववादाचा हा महत्त्वाचा टप्पा. पण त्याच्या पोटात एक मर्यादाही होती. ‘वास्तव’ म्हणजे मध्यमवर्गीय दिवाणखाना, असे समीकरण हळूहळू रूढ झाले. रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांत त्याच काळी नमन-खेळे होत असत. तेथे ना दिवाणखाना, ना दारेखिडक्या. संकासूर अंगणात उतरे, पुरुषच गौळणी होत, आणि ‘हे खरे वाटत नाही’ असे कोणी म्हणत नसे. प्रेक्षकाला सत्य पटण्यासाठी खऱ्या भिंती लागतातच असे नाही, हे त्या अंगणाला ठाऊक होते. दूरचित्रवाणीने मात्र वारसा घेतला तो दिवाणखान्याचा.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. चिं. वि. जोशींच्या लेखनावर आधारलेली चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका त्याच दशकात लोकप्रिय झाली. तिच्यात समाज होता, पण ‘सामाजिक संदेश’ नव्हता. संदेश जाणीवपूर्वक आला तो हिंदीतून, १९८४ च्या ‘हम लोग’मधून. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासारख्या विषयांसाठी कथामालिका वापरण्याची जी पद्धत बसवली होती, तिच्यावरून हा प्रयोग बेतलेला होता. आरंभीचा उघड उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून तो सौम्य करून कौटुंबिक कथेला महत्त्व दिले गेले. अधिक उद्‌बोधक गोष्ट पुढेच आहे. सोशिक भागवंती ही स्त्रीच्या दबलेपणाचे उदाहरण म्हणून रंगवली होती; पण ती आदर्श स्त्री आहे, असे मानणारेही पुष्कळ प्रेक्षक निघाले. दुःख दाखवले आणि त्याचे कारण दाखवले नाही, की प्रेक्षक त्या दुःखाची पूजा करू लागतो. पुढल्या चाळीस वर्षांच्या मालिकांना हे वाक्य लागू पडते.

मराठीत दैनंदिन मालिकेची सवय लावली ती दूरदर्शनच्या ‘दामिनी’ने. तिची नायिका पत्रकार होती, म्हणजे घराबाहेरचे प्रश्न कथेत येण्यास एक कायमची वाट होती. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली आणि तिच्यावरील ‘आभाळमाया’ने मराठी मध्यमवर्गाला आरसा दाखवला. सुधा जोशी ही शिकलेली, नोकरी करणारी स्त्री. नवऱ्याच्या विवाहबाह्य संबंधाला ती सामोरी जाते ती स्वतःच्या पगाराच्या बळावर. तो पगार कथेत गृहीत होता, म्हणून तिचा स्वाभिमान प्रेक्षकाला पटला. याच्या उलट ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली. इतक्या लांबीत कोणताही प्रश्न ‘प्रश्न’ म्हणून राहत नाही. तो येतो, काही आठवडे कथा पुढे ढकलतो आणि दुसऱ्या संकटासाठी जागा मोकळी करून देतो. मालिकेच्या धंद्यात याला ‘ट्रॅक’ म्हणतात, आणि तो शब्द अचूक आहे. ट्रॅक संपला की गाडी पुढे जाते. रूळ कोणी टाकले हे कोणी विचारत नाही. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात, चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जेमतेम काही दिवस पुढे असते. अशा स्थितीत कारणांचा शोध घेण्यास लेखकाजवळ वेळ नसतो, हे न्यायाने मान्य केले पाहिजे.

आता कोकणाकडे. २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. तिचे चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी येथे एका खऱ्या वाड्यात झाले. पात्रांच्या तोंडी मालवणी होती. अंगण, तुळस, माड, कौले, सारे काही खरे. मुंबईतल्या उभारलेल्या दिवाणखान्यांना कंटाळलेल्या प्रेक्षकाने या अस्सलपणाचे मनापासून स्वागत केले. त्याचबरोबर आक्षेपही आले. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला होता. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते आणि कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश असे चित्र उभे करते, असे म्हटले गेले. आक्षेप समजण्यासारखा होता. पण माझ्या मते खरी उणीव दुसरीकडे होती. घरातल्या कर्त्याचा मृत्यू, त्यानिमित्त एकत्र जमलेली भावंडे, वाटणीची धुसफूस, घरात असलेली विधवा मुलगी, ही सामग्री कोकणच्या सामाजिक इतिहासाचा गाभा आहे. गूढाने वेळोवेळी तिच्यावर मात केली. भूत दाखवले हा दोष क्षम्य आहे. सातबारा झाकला गेला, हा अधिक मोठा.

आणखी एक गोष्ट रत्नागिरीकराच्या ध्यानात येते. जिल्ह्याची १९८१ साली विभागणी होऊन सिंधुदुर्ग वेगळा झाला, तरी बाहेरच्यांच्या लेखी कोकण म्हणजे एकच, आणि त्याची बोली मालवणी. ‘वस्त्रहरण’ने मालवणीला मानाचे स्थान मिळवून दिले, ते यथायोग्यच झाले. परंतु संगमेश्वरी बोली, खेड-दापोलीकडची बोली, बाणकोटी, यांचा कान पडद्याला फारसा लाभला नाही. अस्सलपणाचाही एक साचा होतो आणि त्यात न बसणारे अस्सल अदृश्य होते.

या अदृश्यतेत सर्वांत मोठा वाटा आहे बाईचा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. २००१ च्या तुलनेत ती घटली होती. दर १,००० पुरुषांमागे स्त्रिया होत्या १,१२२. देशाच्या मोठ्या भागात स्त्रियांची संख्या कमी म्हणून चिंता वाहिली जात असताना येथे ती अधिक, याचे प्रमुख कारण पुरुषांचे मुंबईला जाणे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण चाकरमानी असण्याची रीत गेली नाही. लावणी, बागायत, गुरे, म्हातारी माणसे, शाळेची फी हे सारे पिढ्यान्‌पिढ्या बाईने पाहिले. जमिनीवर नाव मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषाचे. मालिकांतली सासू-सून ज्या घरात भांडतात ते घर कोणाच्या श्रमावर उभे आहे आणि कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न विचारला तर त्या भांडणाला वेगळाच अर्थ येईल.

कायद्याने हा प्रश्न केव्हाच विचारला आहे. २२ जून १९९४ रोजी महाराष्ट्राने, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला, विवाहित मुलींनाही; आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच मिळतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे स्पष्ट केले. तरीही घरोघरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. का करतात? माहेर तुटू नये म्हणून, गणपतीला येण्याची वाट उघडी राहावी म्हणून, ‘भावाकडून काय घ्यायचे’ या संस्कारामुळे. एका सहीत इतके नाट्य सामावलेले असताना मालिकेला खलनायिकेची किंवा विषाच्या वाटीची गरज पडावी, हे आश्चर्य आहे.

अलीकडच्या दोन उदाहरणांनी हा मुद्दा पुरा करतो. ‘आई कुठे काय करते’ २०१९ ते २०२४ या काळात चालली. मूळ कथा बंगालीतल्या ‘श्रीमयी’ची. मध्यमवयीन गृहिणीने घटस्फोट घ्यावा, पुन्हा लग्न करावे, ही गोष्ट तिने घरोघरच्या जेवणाच्या वेळी बोलण्याजोगी केली; हे तिचे श्रेय निःसंशय आहे. परंतु पंचवीस वर्षांच्या बिनपगारी श्रमानंतर घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीचे काय होते, या कठीण प्रश्नापाशी कथा येते तेव्हा तिला गाणे येत असते आणि श्रीमंत, सज्जन जुना मित्र भेटतो. ज्या प्रेक्षक स्त्रीला गाणे येत नाही तिच्यासाठी उत्तर उरत नाही. दुसरे उदाहरण २०२० च्या ‘सावित्रीज्योती’चे. शिक्षण, जात आणि स्त्री यांची कारणे जेथे टाळताच येत नाहीत असा तो विषय. ती मालिका प्रेक्षकसंख्येअभावी वर्षभरातच थांबली. म्हणजे दोष केवळ वाहिन्यांच्या माथी मारून प्रेक्षकाला हात झटकता येणार नाहीत.

मालिका ही कादंबरी नव्हे, आणि तिने समाजशास्त्राचे पुस्तक व्हावे अशी अपेक्षाही नाही. अतिरंजन हा तिचा स्वभाव आहे. ‘शारदा’ही काही संयत नव्हती. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी देवलांनी दलालाला रंगमंचावर आणले, रक्कम उच्चारली, आणि तरी प्रेक्षक रडला. घर किती खरे दिसते, बोली किती अचूक आहे, या कसोट्या आता पुरेशा झाल्या. पुढची मालिका कोकणातल्या अंगणात उघडेल तेव्हा पाहावयाचे ते एवढेच, की त्या अंगणाची घरपट्टी कोण भरते आणि पावती कोणाच्या नावाने फाटते, हे तिला सांगता येते का.