भंगेचें शेत आणि भंगेची कुंडी

(१)

पाणिनीच्या अष्टाध्यायींत पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाच्या आरंभीं धान्यांच्या शेतांस कोणतीं नांवें द्यावीं याचा विचार केलेला आहे. तेथें तीळ, उडीद, जवस आणि अणु नांवाचें बारीक धान्य यांच्या पंक्तींत भंगेचीहि गणना असून, भंगेच्या शेतास ‘भंग्य’ किंवा ‘भांगीन’ अशीं दोन रूपें सांगितलीं आहेत. अध्यापनाच्या काळांत हें स्थळ आलें म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांस मोठ्या अभिमानानें सांगत असूं कीं, गांजाचें शेत पाणिनीस ठाऊक होतें. पुढें निवृत्तीनंतर या वनस्पतीच्या लागवडीविषयींचे जुने सरकारी अहवाल आणि युरोपांतील वनस्पतिशास्त्राचा इतिहास सावकाश वाचण्याचा योग आला, तेव्हां आमचें तें विधान साधार नव्हतें अशी आमची खात्री झाली. पाणिनीचें शेत भंगेचें होतें यांत संशय नाहीं. परंतु तें गांजाचें होतें असें त्यावरून निघत नाहीं. शिकविणारानें आपली चूक आपणच दुरुस्त करावी, या न्यायानें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें: वनस्पतीच्या नांवावरून तिचा उपयोग सिद्ध होत नाहीं. तिला जागा किती दिली, तिची छाटणी कशी केली आणि ती कोणत्या वाफ्यांत किंवा पात्रांत वाढविली, यावरून तो सिद्ध होतो. शब्द हा दुबळा साक्षीदार आहे. कोयता आणि कुंडी हे सबळ साक्षीदार आहेत.

(२)

प्रथम ग्रंथांचा विचार करूं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत सोम ज्यांचा राजा अशा पांच वनस्पतींची प्रार्थना असून, दर्भ, यव इत्यादींच्या जोडीला तेथें भंगाचेंहि नांव आहे. तेथें मागणें आहे तें संकटापासून मुक्तता करण्याचें. मादकतेचा उल्लेख नाहीं. मनुस्मृतींत क्षत्रियाच्या यज्ञोपवीतासाठीं शणाचें सूत्र सांगितलें आहे, त्यावरूनहि कांहीं लेखक भंगेकडे धांव घेतात. परंतु शण म्हणजे आपला ताग, ती अगदीं निराळ्या कुळांतील वनस्पति होय. वैद्यक ग्रंथांत भंगेस औषध म्हणून निश्चित स्थान मिळालेलें दिसतें तें बरेंच पुढें. शार्ङ्गधरसंहितेंत भंगा व अहिफेन यांची एकत्र गणना आहे, आणि आनंदकंद या रसशास्त्राच्या ग्रंथांत विजयेच्या लागवडीचें व सेवनाचें विस्तृत प्रकरण आहे. पण हे ग्रंथ मध्ययुगांतील. त्यांतील विजया उचलून पाणिनीच्या शेतांत नेऊन लावणें हें इतिहासाचें काम नव्हे.

मग पाणिनीचें शेत कसलें? त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावें. तीळ, उडीद, जवस, अणु हीं सर्व बियांसाठीं, आणि जवस वाखासाठींहि, पेरण्याचीं पिकें आहेत. भंगेचें बीं तेलकट व खाण्याजोगें असतें आणि खोडाचा वाख बळकट असतो. वाखासाठीं ही वनस्पति लावावयाची तर बीं दाट पेरतात. दाटींत झाडांस फांद्या फुटत नाहींत व खोडें काठीसारखीं सरळ व उंच जातात. अशा शेतांत छाटणीस अवकाशच नाहीं. बियांसाठीं लावावयाची तर नर व मादी हीं दोन्ही झाडें शेतांत हवींत, कारण या वनस्पतींत बहुधा नर व मादी झाडें वेगवेगळीं असतात आणि नराच्या परागावांचून बीं धरत नाहीं.

गांजाचें शेत याच्या नेमकें उलट असतें. भांग म्हणजे पानें, चरस म्हणजे राळ, आणि गांजा म्हणजे मादी झाडाच्या फुलांच्या मंजिऱ्या. मंजिरींत बीं धरलें कीं गांजाची प्रत गेली. म्हणजे धान्याच्या शेतांत जें बीं हेंच फळ, तें गांजाच्या शेतांत शत्रु. एकच झाड, एकच नांव. परंतु दोन शेतें परस्परविरोधी. वाचकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

(३)

गांजाच्या शेतांत प्रत्यक्ष काय करीत, याची तपशीलवार माहिती आपणांस मिळते ती पंडितांकडून नव्हे, तर करवसुलीमुळें. ब्रिटिश पार्लमेंटांत या मादक द्रव्याविषयीं प्रश्न निघाल्यामुळें १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक आयोग नेमिला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगानें ११९३ साक्षीदारांचें म्हणणें ऐकून १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल सादर केला. त्याच सुमारास, १८९३ मध्यें, डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें बंगालमधील गांजाच्या लागवडीवर स्वतंत्र वृत्तांत लिहिला. मुंबई इलाख्यांत अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) हा या पिकाचा मुख्य जिल्हा होता. येथें मंजिऱ्यांच्या पेंढ्या पायांखालीं तुडवून चपटा गांजा करीत. मध्यप्रांतांत हें पीक निमाड जिल्ह्यांतील खांडवा तालुक्यापुरतें मर्यादित होतें. बंगालमध्यें तें राजशाही जिल्ह्यांतील नौगांवच्या आसपास असे, आणि त्या मुलुखास गांजामहाल असेंच नांव होतें.

नौगांवची रीत सर्वांत काळजीची. पावसाळ्यांत वाफ्यांत रोपें तयार करीत आणि पाऊस सरतेवेळीं तीं उपटून वरंब्यांवर अंतरानें लावीत. शेणखत व पेंड घालीत. रोपें मूळ धरून वाढीस लागलीं म्हणजे खालच्या फांद्या छाटून टाकीत, हेतु हा कीं झाडाचें बळ वरच्या मंजिऱ्यांकडे जावें. मग नोव्हेंबरच्या सुमारास खरें महत्त्वाचें काम येई. फुलें पुरतीं उमलण्यापूर्वीं नर झाडें ओळखून काढावयाचीं. यासाठीं मजुरी देऊन एक जाणता मनुष्य आणीत. त्यास ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ म्हणत. इंग्रज अंमलदारांनीं त्यास गांजाचा वैद्य असें थट्टेचें नांव दिलें होतें. तो ओळींतून चालत जाई, नर झाड दिसलें कीं तें मोडून ठेवी, आणि मागून शेतकरी तें उपटून टाकी. एवढ्यानेंहि काम संपत नसे; राहिलेलीं किंवा मागाहून नरफुलें आलेलीं झाडें शेतकऱ्यास पुढें पुनःपुन्हा शोधावीं लागत.

पोद्दार हा शब्द आपणांस अपरिचित नाहीं. आपल्याकडील पोतदार नाणीं पारखून खोटें नाणें बाजूस काढी. बंगालचा पोद्दार झाडें पारखून नर बाजूस काढी. उपाधि तीच, धंदा निराळा, परंतु गुण एकच, पारख! हिशेबाच्या कागदांत ‘पोद्दाराची मजुरी’ अशी नोंद आढळली, तर ती सराफाची कीं शेताची हें संदर्भावांचून कळणार नाहीं. नांव फसवितें तें असें.

नांवाच्या फसवणुकीचें दुसरें उदाहरण युरोपांत आहे. जर्मन शेतकरी भंगेच्या नर झाडास ‘फेमेल’ म्हणत, आणि त्या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील स्त्रीवाचक शब्दांत आहे! नर झाड बारीक व लवकर वाळणारें, मादी झाड भरदार. म्हणून लोकांनीं दुबळ्यास स्त्री ठरविलें व बळकटास पुरुष. मलबारांत दुसरा प्रकार. हेन्ड्रिक व्हान र्‍हीड यानें सिद्ध केलेल्या होर्तुस मलबारिकुस या बारा खंडांच्या ग्रंथाच्या दहाव्या खंडांत (१६९०) या वनस्पतीचीं चित्रें दोन वेगळ्या मलबारी नांवांखालीं आहेत. या ग्रंथाच्या कामीं रंगभट, विनायक पंडित व आपूभट या कोंकणी ब्राह्मण वैद्यांचें साहाय्य होतें, आणि त्यांचें १६७५ चें नागरी अक्षरांतील कोंकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत छापलेलें आहे. त्याहून शंभर वर्षांपूर्वीं, १५६३ सालीं, गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या संवादग्रंथांत तर भांग ही युरोपांतील वाखाच्या झाडाहून निराळी वनस्पति मानिली आहे. वाखाचें शेत पाहून आलेल्या मनुष्यास भांगेचें झाड परकें वाटावें, हें आम्हांस स्वाभाविक वाटतें.

(४)

आतां शेतांतून खोलींत यावें. भंगेची कुंडी घरांत ठेवून केलेल्या प्रयोगांत सर्वांत प्रसिद्ध असा प्रयोग नशेसाठीं नव्हे, तर ज्ञानासाठीं झाला. वनस्पतींत स्त्री-पुरुषभेद असतो कीं नाहीं, या प्रश्नावर सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्परिषदेनें निबंध मागविले होते. स्वीडनमधील उप्साला येथील कार्ल लिनीअस याच्या निबंधास १७६० सालीं तें पारितोषिक मिळालें. त्यांत तो सांगतो तें असें. एप्रिल महिन्यांत त्यानें दोन कुंड्यांत भंगेचें बीं पेरिलें. प्रत्येकींत तीस-चाळीस रोपें उगवलीं. दोन्ही कुंड्या त्यानें खिडकीच्या उजेडांत, परंतु एकमेकींपासून दूर अशा दोन खोल्यांत ठेविल्या. एका कुंडींत नर व मादी एकत्र राहूं दिले. त्यांस जुलैंत बीं पिकलें. दुसऱ्या कुंडींतून नर ओळखूं येतांच ते सर्व काढून टाकिले. तेथील माद्यांचे पुष्पतंतु, पहिल्या कुंडींतील सुकून गेल्यावरहि, फार दिवस हिरवे व टवटवीत राहिले. शेवटीं वयोमानानें झाडें उतरणीस लागलीं तेव्हां त्यानें इतर वनस्पतिज्ञांसमक्ष फुलें उघडून पाहिलीं. बियांच्या जागीं वाळलेलें पातळ कवच होतें, आंत गर नव्हता.

लिनीअसनें उप्सालाच्या खिडकींत जें केलें तेंच नौगांवचा पोद्दार शेतांत करी. त्या फुलांचें दीर्घकाळ टवटवीत राहणें लिनीअसला प्रमाण म्हणून मोलाचें. पोद्दाराला तेंच पीक म्हणून मोलाचें, कारण जों फूल वाट पाहतें तों त्यावर राळ साचत जाते. आपल्या अंगणांतील तुळशीच्या मंजिऱ्या घरच्या बायका खुडतात, त्यांत याचाच लहानसा धडा आहे: बीं धरलें कीं तुळस उतरूं लागते, आणि मंजिरी खुडली कीं पुन्हा पालवते. वृंदावन हीहि एक कुंडीच, आणि खुडणें हीहि एक छाटणीच.

मात्र प्रयोगास अपवादहि होता. ट्युबिंगेनचा कामेरारिउस यानें १६९४ सालीं फुलांतील लिंगभेद प्रतिपादिला, तेव्हां भंगेच्या झाडानेंच त्यास गोंधळांत पाडिलें. नरापासून दूर ठेवलेल्या मादीसहि कांहीं बीं धरलें. याचें कारण आज ठाऊक आहे. मादी झाडावर क्वचित् नरफुलेंहि येतात. पोद्दार गेल्यावरहि शेतकऱ्यास शेत पुन्हा तपासावें लागे, तें यासाठींच.

(५)

कुंडींतील भंगेस आज पुन्हा महत्त्व आलें आहे, तें कायद्यामुळें. कॅनडांत ऑक्टोबर २०१८ पासून प्रत्येक घरास चार, आणि जर्मनींत एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढास तीन झाडें स्वतःपुरतीं लावण्यास मोकळीक मिळाली. कॅनडाच्या कांहीं प्रांतांनीं मात्र ती दिली नाहीं. झाडांची संख्या कायद्यानें मोजली कीं माणूस एकेक झाड मोठें करूं पाहणार, हें उघड आहे. मग पात्राचा विचार येतो. मातीची कुंडी सच्छिद्र, म्हणून मुळांस हवा मिळते, पण ती लवकर वाळते. प्लास्टिकच्या कुंडींत ओल टिकते, पण मुळें भिंतीस लागून गोल फिरत राहतात. कापडी पिशवींत मूळ कांठाशीं येऊन हवेला लागलें कीं तेथेंच थांबतें व मागून नवीं मुळें फुटतात. म्हणजे तेथें पात्र स्वतःच मुळांची छाटणी करितें.

छाटणीचा प्रकारहि जागेनुसार बदलला आहे. नौगांवच्या शेतास वर आकाश होतें, म्हणून शेंडा राखून खालच्या फांद्या काढीत. खोलीस छत असतें, म्हणून येथें शेंडाच खुडतात. आपला शेतकरी हरभऱ्याचे शेंडे खुडतो, त्यांतील तत्त्वच येथें आहे. शेंड्यांत तयार होणारें ऑक्सिन नांवाचें द्रव्य बाजूच्या कळ्यांस दाबून ठेवितें, हें थिमान व स्कूग यांनीं १९३३ च्या सुमारास दाखविलें. शेंडा गेला कीं त्या कळ्या सुटतात व झाड पसरतें. खोलींत फुलोऱ्याचा काळ दिव्यानें ठरवितात. दिवस लहान केला कीं भंग लवकर फुलते, हें फ्रान्समधील जुलियां तूर्नवा यानें १९१२ मध्यें याच वनस्पतीवर व हॉपच्या वेलीवर दाखविलें होतें. नौगांवास तोच संकेत कार्तिकाचा आखूड होत जाणारा दिवस देई.

(६)

वरील विवेचनावरून आमचे निष्कर्ष असे. पाणिनीच्या ‘भांगीन’ शेतास गांजाचें शेत म्हणण्यास आधार नाहीं. धान्यांची पंक्ति पाहतां तें बियांचें किंवा वाखाचें असणें अधिक संभवतें. गांजाचें शेत ओळखावयाचें तर अंतरावरील लावणी, खालच्या फांद्यांची छाटणी आणि नरांचें निर्मूलन या तीन खुणा पाहाव्या. हिंदुस्थानच्या १९८५ च्या कायद्यांतहि गांजाची व्याख्या फुलांच्या किंवा फळांच्या शेंड्यांवरच बांधिली असून, मंजिरीवांचूनचीं पानें व बिया वगळल्या आहेत. म्हणजे पोद्दार ज्या अंगाची राखण करी, नेमकें तेंच अंग कायद्यानें धरिलें. परवान्यावांचून ही लागवड आपल्याकडे गुन्हा आहे, आणि व्यसनाची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु एक गोष्ट मनास लागून राहिली, ती सांगणें प्राप्त आहे. लिनीअसच्या दोन कुंड्यांस पारितोषिक मिळालें व ग्रंथांत स्थान मिळालें. नौगांवच्या पोद्दारास मजुरी मिळाली. १९१७ सालीं तेथील शेतकऱ्यांची सहकारी संस्था निघाली आणि १९८७ सालीं बांगलादेशांत ती लागवड बंद झाली. त्याबरोबर, उमलण्यापूर्वीं फूल ओळखणारी ती दृष्टीहि त्या शेतांतून उठली. सरकारास कर हवा होता म्हणून तरी तिची नोंद राहिली. आमच्यासारख्या संस्कृत शिकविणारांनीं सूत्रांतील एका शब्दावर अभिमान मिरविला, पण शेतांतील हाताची विचारपूस केली नाहीं.

अहमदनगरकडील ज्या घराण्यांत गेल्या शतकांतील शेतकीचे व अबकारीचे कागद असतील, त्यांनीं ते या दृष्टीनें एकदां पाहावे अशी विनंति आहे. त्यांत ‘गांजा’ हा शब्द शोधूं नये; तो सांपडेलच. खुरपणीची, छाटणीची व झाडें उपटण्याची मजुरी कोणत्या महिन्यांत व कोणास दिली, तें पाहावें. असा एक जरी कागद पुढें आला, तरी आमच्या लेखांतील उणीव भरून निघेल, आणि आमची चूक दुसऱ्यांदा दुरुस्त करण्यास आम्हांस संतोषच वाटेल.