अप-डाउन : उज्जैन ते इंदूर
नोकरीसाठी रोज दुसऱ्या शहरी जाऊन परतण्याला माळव्यात ‘अप-डाउन’ म्हणतात. उज्जैन–इंदूर अंतर सुमारे ५५ किलोमीटर. लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार जाऊन-येऊन सात लिटरांहून अधिक पेट्रोल जाळते व सुमारे १७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. चौघे एकाच मोटारीतून गेल्यास प्रत्येकाचा वाटा सव्वाचार किलोंच्या आसपास येतो. रेल्वेचा मासिक पास १५० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी मिळतो. शहरांतर्गत प्रवासासाठी केंद्राच्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत उज्जैनचाही समावेश आहे. तथापि स्थानक ते कार्यालय ही सोय नसल्यास कर्मचारी पुन्हा स्वतःच्या मोटारीकडेच वळतो. म्हणूनच पासचा खर्च, स्थानकापासून बस आणि गाडीच्या वेळेशी जुळणारी कामाची वेळ ही जबाबदारी आस्थापनांनी उचलणे आवश्यक ठरते.